रेशमी लुगडे घरी कसे धुवावे?



लग्नसराई आटोपली की रेशमी लुगडी आणि शाली धुण्याचा प्रश्न येतो. ड्रायक्लीनिंगचे दुकान तालुक्याला, वर खर्च. ऊस विकास अधिकाऱ्याने लुगड्यावर कशाला लिहावे, असे कोणी म्हणेल. पण प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. तो सामूचा आहे.

चोपण जमिनीचा सामू जास्त, म्हणून तिथे ऊस पिवळा पडतो. धुण्याचा सोडा आणि साबणाची वडी यांचाही सामू जास्तच. सुती कापड तो सोसते. रेशीम व लोकर मात्र आपल्या केसांप्रमाणे प्रथिनांची बनलेली असतात. सोड्याने त्यांची चमक जाते, धागा कमजोर होतो. आईचे जांभळे लुगडे मीच एकदा सोड्याच्या पाण्यात बुडवले होते. डाग गेला, त्याबरोबर चमकही गेली. आई काही बोलली नाही, पण पुन्हा ते नेसली नाही.

रिठ्याचे पाणी सौम्य असते. दहा-बारा रिठे फोडून बिया काढाव्यात. साली रात्रभर भिजवून सकाळी उकळाव्यात, निवल्यावर पाणी गाळून अर्धी बादली गार पाण्यात मिसळावे. डोळ्यांत जाऊ देऊ नये, झोंबते. आधी लुगड्याच्या आतल्या कोपऱ्यावर ओले पांढरे फडके दाबून पाहावे. फडक्याला रंग लागला तर घरी धुण्याच्या भानगडीत पडू नये. रंग पक्का असेल तर पाच मिनिटे हलक्या हाताने खळबळावे. चोळू नये, आपटू नये, पिळू नये. दोन-तीन स्वच्छ पाण्यांतून काढून पंचात गुंडाळून पाणी टिपावे आणि सावलीत वाळवावे. लोकरीची शाल गरम पाण्याने आटते. ती गार पाण्यातच धुवावी व न टांगता आडवी पसरावी. इस्त्री उलट बाजूने, बेताची गरम.

जुनी पैठणी, भरजरी शालू, अस्तराचा कोट मात्र दुकानातच द्यावा. तिथे पाण्याऐवजी द्रावक वापरतात, त्यात तेलातुपाचे डाग विरघळतात.

हे ऐकून काही जण घरीच पेट्रोलने डाग काढायला बसतात. तसे कदापि करू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरकत चुलीपर्यंत पोचते आणि भडका उडतो. नुसते कापड घासूनही ठिणगी पडू शकते. डाग राहिला तर राहू द्या. लुगडे दुसरे घेता येते, घरचे माणूस नाही.

— ऊस विकास अधिकारी