चाळिशीनंतरची दिनचर्या

चाळिशी उलटलेल्या पुरुषाला प्रकृतीविषयी विचारले, तर "सर्व ठीक आहे" असेच उत्तर बहुधा मिळते. काही दुखले किंवा अडले म्हणजेच डॉक्टरकडे जावयाचे, ही आपली जुनी रीत. परंतु उतारवयात घात करणाऱ्या पुष्कळशा गोष्टी आरंभी दुखतच नाहीत. वाढलेला रक्तदाब दुखत नाही, रक्तातील साखर दुखत नाही आणि पायांतील शक्ती ओसरत असते तीही कळत नाही. म्हणून या वयातील आरोग्याचा विचार दिनचर्येपासून सुरू करावा लागतो.

आपल्या वसई-विरारच्या पुरुषाची दिनचर्या कशी बदलली ते पाहा. वाडीत राबणारा माणूस बावखलाचे पाणी झाडांना घाली, केळीचे घड खांद्यावरून वाही. अर्नाळ्याचा कोळी जाळी हातांनी ओढी. व्यायाम असा वेगळा करण्याचे त्यांना कारण नव्हते. तो कामातच होऊन जाई. १९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत आली. पुढे वाड्यांतून पंप बसले, होड्यांना यंत्रे लागली आणि आपल्यापैकी पुष्कळजण सुमारे साठ किलोमीटरांवरील चर्चगेटच्या बाजूला नोकरीस जाऊ लागले. श्रम गेले, श्रमणाऱ्या माणसाचे ताट मात्र तेवढेच राहिले.

याचा परिणाम काय होतो, हे लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवून दिले. तेथील दुमजली बसगाड्यांचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची त्यांनी तुलना केली. गाडी एक, नोकरी एक. परंतु दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांत हृदयविकार कमी आढळला. जिन्याच्या पायऱ्या हे काही औषध नव्हे. तरी त्यांचा गुण औषधासारखा आला.

"पण आम्ही तर सडपातळ आहोत," असे कोणी म्हणेल. त्यांनी पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे उदाहरण ध्यानात घ्यावे. २००४ साली त्यांनी व डॉ. जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्यांनी स्वतःचीच मोजमापे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्याकडे वरून बारीक दिसणाऱ्या माणसाच्या पोटातही चरबी साठते ती अशी. म्हणून वजनकाट्याबरोबर फीतही वापरावी. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरांहून अधिक भरला, तर सावध व्हावे.

आता करावयाचे काय? आठवड्यातून निदान दीडशे मिनिटे, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास, भरभर चालावे. बोलता यावे पण गाता येऊ नये, इतका वेग पुरे. परंतु नुसत्या चालण्याने भागत नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायूंचा शेकडा तीन ते आठ भाग झिजत जातो आणि साठीनंतर ही झीज अधिक वेगाने होते. म्हातारपणी जमिनीवरून आधारावाचून उठता येईल की नाही, हे या स्नायूंवरच अवलंबून असते. म्हणून आठवड्यातून दोन दिवस तरी खुर्चीवरून हात न टेकता दहा-पंधरा वेळा उठबस करावी आणि साठी ओलांडलेल्यांनी भिंतीजवळ एका पायावर उभे राहण्याचा सराव ठेवावा. जेवणात भात थोडा कमी करून डाळ, मासळी, अंडी किंवा दूध वाढवावे. दिवसाचे मीठ पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, यापलीकडे जाऊ नये. खारवलेली मासळी, पापड आणि लोणचे यांतील मीठही याच हिशेबात येते. तंबाखूला मात्र कोणतेही सुरक्षित प्रमाण नाही.

एक इशारा देणे अवश्य आहे. व्याख्यान ऐकून दुसऱ्याच दिवशी जीवदानीच्या हजाराहून अधिक पायऱ्या चढावयास निघणे, ही शहाणपणाची सुरुवात नव्हे. छातीत दडपण येत असेल किंवा थोड्या श्रमाने दम लागत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. इतरांनीही वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. सरकारी आरोग्यकेंद्रांतून तिशीवरील लोकांसाठी ही सोय आहे. रक्तदाब पुन्हापुन्हा १४० वर ९० किंवा त्याहून जास्त भरला, तर उपचार टाळू नयेत.

पुरुष संकोचाने लपवितात अशीही एक गोष्ट आहे. पन्नाशीनंतर प्रोस्टेट ग्रंथी वाढते, रात्री वारंवार उठावे लागते, लघवीची धार मंदावते. पुष्कळदा हा कर्करोग नसतो आणि त्यावर उपाय असतो. पण तपासल्यावाचून हे ठरवावयाचे कसे? लघवीत रक्त दिसले, तर एक दिवसही थांबू नये.

सर्वांत जपावयाचा काळ मात्र निवृत्तीचा. नोकरीतला माणूस स्टेशनपर्यंत चालतो, पुलाच्या पायऱ्या चढतो, ठरलेल्या डब्यात ठरलेल्या मंडळींशी गप्पा करतो, कधी भजनात टाळही धरतो. पास संपतो त्या दिवशी हे सारे एकदम थांबते. विश्रांती मिळाली असे घरच्यांना वाटते. वस्तुतः उरलेला व्यायाम आणि सोबत ही दोन्ही एकाच दिवशी सुटलेली असतात. म्हणून निवृत्तीच्या आधीच याची तजवीज करावी. डब्यातील दोन-तीन सोबत्यांनी मिळून रोज ठरलेल्या वेळी तळ्याकाठी किंवा सुरूच्या बागेकडे चालावयास जाण्याचे ठरवावे. एकट्याचा नेम चार दिवसांत मोडतो. कोणीतरी कोपऱ्यावर वाट पाहत असले, म्हणजे माणूस चपला पायांत घालतोच.