चूक यंत्राची, शिक्षा माणसांना

ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून टपाल कचेऱ्यांचे हिशेब ‘होरायझन’ या संगणकप्रणालीवर नेले. ती पुरवली होती फुजित्सू कंपनीने.

● तूट : प्रणालीतल्या दोषांमुळे प्रत्यक्षात नसलेली तूट हिशेबात दिसू लागली. ती भरून देण्याची जबाबदारी करारानेच कचेरी चालवणाऱ्या सबपोस्टमास्तरांवर टाकलेली. अनेकांनी पदरचे पैसे भरले, काही कर्जबाजारी झाले.

● खटले : १९९९ ते २०१५ या काळात चोरी, खोटे हिशेब अशा आरोपांखाली ९०० हून अधिक जण दोषी ठरले. यातले बहुतेक खटले पोस्टानेच चालवले. म्हणजे तक्रारदार तोच, तपासनीस तोच आणि फिर्यादीही तोच.

● इन्कार : मदतीसाठी फोन करणाऱ्या अनेकांना सांगितलं गेलं, ही अडचण फक्त तुम्हालाच येते आहे.

● लढा : माजी सबपोस्टमास्तर अ‍ॅलन बेट्स यांच्या पुढाकाराने ५५५ जण पोस्टाविरुद्ध न्यायालयात गेले. डिसेंबर २०१९ च्या निकालाने प्रणालीतले दोष मान्य केले.

● निरसन : २०२१ मध्ये अपील न्यायालयाने एकाच निकालात ३९ जणांना दोषमुक्त केलं. जानेवारी २०२४ मधल्या, या प्रकरणावरच्या टीव्ही मालिकेने जनमत पेटलं आणि मे महिन्यात संसदेने कायदा करून शेकडो शिक्षा एकगठ्ठा रद्द केल्या.