यूझर बदलला की नेमकं काय बदलतं?

२०१९ साली डेबियन लिनक्सची दहावी आवृत्ती आली आणि अनेकांची जुनी सवय अडखळली. टर्मिनलमध्ये यूझर बदलणारी 'सू' ही कमांड दिली, रूटचा पासवर्ड टाकला, मग नवा यूझर तयार करायला 'ॲडयूझर' म्हटलं, तर उत्तर आलं की अशी कमांडच सापडत नाही. प्रोग्रॅम तर जागच्या जागी होता आणि रूटला सगळे अधिकार असतात. मग अडलं कुठे?

युनिक्समध्ये प्रत्येक प्रोसेसजवळ 'नाव = मूल्य' अशा नोंदींची एक यादी असते. याच नोंदी म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. ही सोय युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीपासूनची. 'होम'मध्ये यूझरचं स्वतःचं फोल्डर, 'पाथ'मध्ये कमांड ज्या फोल्डरांत शोधायच्या त्यांची नावं, 'यूझर'मध्ये लॉगिनचं नाव. एका प्रोसेसने दुसरी सुरू केली की सहसा या यादीची प्रत तिच्या हाती दिली जाते. पुढे तिने त्या प्रतीत काहीही खोडलं तरी मूळ यादी तशीच राहते.

कर्नल मात्र परवानगी देताना ही यादी पाहतच नाही. तो यूझरचा क्रमांक पाहतो. रूटचा क्रमांक ०. म्हणजे यूझर बदलणं हे क्रमांक बदलणं आहे, आणि त्याने यादीतलं एक अक्षरही आपोआप बदलत नाही. यादी ठेवायची, पुसायची की नवी लिहायची हे यूझर बदलून देणारा मधला प्रोग्रॅम ठरवतो. सगळा गोंधळ इथे जन्मतो, कारण प्रत्येक प्रोग्रॅमचं धोरण निराळं.

लिनक्सवर सध्या सर्रास आढळणारा साधा 'सू' जवळजवळ काहीच पुसत नाही. तो 'होम' आणि 'शेल' नव्या यूझरचे करतो. 'यूझर' आणि 'लॉगनेम'ही बदलतो, पण नवा यूझर रूट असेल तर ते जुनेच ठेवतो. त्यामुळे 'हूॲमआय' या कमांडला विचारलं तर रूट, आणि 'यूझर' व्हेरिएबलमध्ये मात्र तुमचं नाव, असं चित्र दिसतं. रूट आहोत का हे स्क्रिप्टमध्ये तपासायचं असेल तर म्हणूनच क्रमांक पाहावा, नाव नाही.

'पाथ'ही जुनाच राहतो, आणि डेबियनमध्ये घोडं इथेच अडलं. आधीचा 'सू' रूट होताना 'पाथ' नव्याने लिहीत असे. दहाव्या आवृत्तीत दुसऱ्या पॅकेजमधला 'सू' आला आणि तो ते करेना. सामान्य यूझरच्या 'पाथ'मध्ये प्रशासकीय कमांडची 'एसबिन' फोल्डरं नसतात, आणि 'ॲडयूझर' तिथेच राहतो.

उपाय एका आडव्या रेघेचा: 'सू -'. तेव्हा जुनी यादी जवळपास पूर्ण पुसली जाते. टर्मिनलचा प्रकार सांगणाऱ्या 'टर्म'सारखं अगदी मोजकं राहतं. मग शेल लॉगिन शेल म्हणून सुरू होतं, 'प्रोफाइल' फाइली वाचतं आणि तुम्ही नव्या यूझरच्या होम फोल्डरमध्ये उभे असता. रूट व्हायचं तर माझ्या मते हीच सवय लावून घ्यावी.

एखादी कमांड दुसऱ्या यूझरच्या, सहसा रूटच्या, अधिकाराने चालवणारा 'सुडो' अधिक सावध आहे आणि ते योग्यच आहे. सामान्य यूझरने आपल्या 'पाथ'मध्ये स्वतःचं फोल्डर पुढे ठेवून तिथे 'एलएस' नावाचा भलताच प्रोग्रॅम ठेवला, तर रूटच्या अधिकाराने तोच चालेल. 'एलडी प्रीलोड'ने तर दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये आपली लायब्ररी घुसवता येते. म्हणून 'सुडो' मुळात यादी कोरी करतो, मोजक्या नोंदी राखतो, आणि बहुतेक वितरणांत 'पाथ' स्वतःच्या सेटिंगमधून घेतो. तुमचं मूळ नाव 'सुडो यूझर'मध्ये लिहून ठेवतो. कॅपिटल 'ई' पर्याय दिला तर जुनी यादी राखायची विनंती करता येते, पण परवानगी असेल तरच.

हे सगळं तपासायला अनेक जण 'सुडो इको' लिहून पुढे डॉलरच्या चिन्हासह 'होम' देतात आणि उत्तरात स्वतःचंच फोल्डर पाहून चक्रावतात. डॉलरच्या जागी मूल्य भरण्याचं काम तुमचं शेल 'सुडो' सुरू होण्याआधीच उरकतं, म्हणून ते मूल्य तुमचं असतं. खरी यादी पाहायची तर 'सुडो प्रिंटएन्व्ह' चालवा.