खर्च सामाईक, कर कोणाचा?

ठाणे आणि ऐरोली यांच्या मध्ये वसलेल्या दिघ्याला जानेवारी २०२४ मध्ये स्वतःचे रेल्वे स्थानक लाभले. औद्योगिक वसाहत आणि दाट लोकवस्ती यांच्या सान्निध्यात दवाखाना काढू इच्छिणाऱ्या तरुण डॉक्टरला भाडे, वीज, सफाई, कर्मचाऱ्यांचे पगार हा सारा भार एकट्याने पेलणे जड जाते. व्यापारी घराण्यांतून वैद्यकीय व्यवसायात आलेल्या मुलामुलींना वडीलधारे मग पेढीवरचाच सल्ला देतात : चौघांनी मिळून जागा घ्यावी, खर्च वाटून घ्यावा. सल्ला योग्यच, परंतु वस्तू व सेवा कराच्या, म्हणजेच जीएसटीच्या दृष्टीने ही वाटणी कशी केली, याला मोठे महत्त्व आहे.

समजा, जागा एकाच डॉक्टरच्या नावावर आहे. त्याची रुग्णांकडून येणारी वार्षिक फी १८ लाख रुपये, आणि तिघा सहकाऱ्यांकडून खर्चापोटी मिळतात ३ लाख. वैद्यकीय उपचार करमुक्त असल्याने केवळ फीवर नोंदणीची गरज नव्हती. परंतु सहकाऱ्यांना जागा व सुविधा पुरवणे ही करपात्र सेवा ठरते; त्यात नफा नसला तरीही. नोंदणीची २० लाखांची मर्यादा मोजताना करमुक्त उत्पन्नही धरले जाते. एकूण २१ लाख होताच नोंदणी अनिवार्य होते आणि त्या ३ लाखांवर १८ टक्के दराने ५४ हजारांचा कर उभा राहतो. भागीदारांच्या मनात किल्मिष येण्यास एवढी रक्कम पुरेशी असते.

यावर कायद्यात काही वाटा आहेत. २०१७ च्या करमुक्ती अधिसूचनेनुसार, नोंदणी नसलेला समूह किंवा कायद्याखाली नोंदलेली ना-नफा संस्था करमुक्त कार्यासाठी आपल्याच सभासदांकडून खर्चाचा वाटा घेत असेल, तर त्यावर कर नाही. गृहनिर्माण संस्थेतील दरमहा दरडोई ७,५०० रुपयांपर्यंतच्या वर्गणीची सवलत याच नोंदीत आहे. व्यापार-उद्योगाच्या संवर्धनासाठी असलेल्या ना-नफा मंडळांची सभासद वर्गणीही वर्षाला १,००० रुपयांपर्यंत करमुक्त आहे. मात्र वकील, वास्तुविशारद किंवा सनदी लेखापाल यांचे व्यावसायिक काम सर्वसाधारणपणे करमुक्त नसल्याने डॉक्टरांची वाट त्यांना सरसकट लागू होत नाही.

युरोपीय संघाच्या मूल्यवर्धित कर कायद्यातही अशीच तरतूद आहे : करमुक्त काम करणाऱ्यांच्या समूहाने सभासदांकडून नेमका खर्चच घ्यावा आणि सवलतीमुळे बाजारातील स्पर्धा बिघडू नये. तेथील न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये ही सवलत लोकहिताच्या कार्यांपुरती सीमित करून विमा व वित्त क्षेत्र वगळले.

आपल्याकडे मूळ वाद तात्त्विक आहे. स्वतःच स्वतःला सेवा विकता येते काय? कलकत्ता क्लबच्या खटल्यात ३ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सभासद आणि त्यांची संस्था एकच असल्याचे तत्त्व मान्य केले. त्यानंतर संसदेने २०२१ च्या वित्त कायद्याद्वारे, १ जुलै २०१७ पासूनच्या पूर्वलक्षी प्रभावाने, दोघांना भिन्न व्यक्ती ठरवले. एप्रिल २०२५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या प्रकरणात केरळ उच्च न्यायालयाने ही तरतूद घटनाबाह्य ठरवली. तथापि केवळ त्या निर्णयावर विसंबून महाराष्ट्रात कर भरणे थांबवणे शहाणपणाचे नव्हे.

म्हणून दवाखान्याचे दार उघडण्यापूर्वीच व्यवस्था लिहून ठेवावी. शक्य तेथे भाडेकरार चौघांच्या नावे करावा आणि प्रत्येकाने आपला वाटा थेट मालकाला द्यावा. एकाने सर्वांच्या वतीने बिले भरायची असतील, तर कायद्याच्या परिभाषेतील ‘प्युअर एजंट’ होण्यासाठी सहकाऱ्यांचे लेखी अधिकारपत्र घ्यावे, तेवढीच रक्कम वसूल करावी आणि बीजकात ती वेगळी दाखवावी. समूह स्थापायचा असल्यास त्याचे खाते व हिशेब स्वतंत्र असावेत. मसुदा सनदी लेखापालाला दाखवून घ्यावा.

एका यंत्रावर, एका जागेवर चौघांचे काम भागते, यात अपरिग्रहाचा संस्कार आहे. देय कर न लपवणे हा अचौर्याचा. खतावणी चोख असली, तर दोन्ही व्रते व्यवसायात सहज पाळता येतात आणि चौघांचा स्नेहही अबाधित राहतो.