पंचाचा हात आणि ज्यूदोतील गुण

ज्यूदोची लढत प्रथमच पाहणाऱ्या प्रेक्षकाची दृष्टी साहजिकच दोन खेळाडूंवर खिळलेली असते. परंतु लढतीचा अर्थ समजून घ्यावयाचा असेल, तर पंचाच्या हाताकडेही पाहावयास हवे. जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्यो येथे कोदोकानची स्थापना केली आणि तेथे हा खेळ आकारास आला. म्हणून पंचाच्या आज्ञा आजही जपानी भाषेतच असतात. त्याच्या हाताची भाषा मात्र कोणासही उमगेल अशी आहे. हात जितका उंच, तितका गुण मोठा, हे तिचे सूत्र होय.

‘हाजिमे’ हा शब्द उच्चारताच लढत सुरू होते. प्रतिस्पर्ध्यावर पूर्ण ताबा ठेवून, वेगाने व जोराने त्याला पाठीवर फेकले, की पंच आपला हात सरळ डोक्यावर उंचावतो. हा ‘इप्पोन’. कुस्तीत मल्ल चीत व्हावा, तशी लढत येथेच निकालात निघते. फेकीत यांपैकी काही उणे राहिले, तर हात खांद्याच्या रेषेत बाजूला पसरला जातो व तळवा जमिनीकडे असतो. हा ‘वाझा-आरी’, असे दोन मिळून एक इप्पोन होतो. त्याहून उणी फेक ‘युको’ ठरते व हात अंगापासून तिरपा खाली धरला जातो. युको कितीही साठले, तरी त्यांचा एक वाझा-आरी होत नाही. ज्यूदोत गुणांच्या संख्येपेक्षा डावाची प्रत श्रेष्ठ मानली जाते, हे यावरून ध्यानात येईल.

ही श्रेणी नेहमी अशीच होती असे नाही. ‘कोका’ हा सर्वांत लहान गुण २००९ साली रद्द झाला. युकोही २०१७ मध्ये वगळण्यात आला आणि २०२५ मध्ये पुन्हा स्वीकारला गेला.

जमिनीवरील झुंजीत एकाने दुसऱ्यास पाठीवर दाबून धरले, म्हणजे पंच वाकून त्यांच्या दिशेने हात पुढे करतो व ‘ओसाएकोमी’ म्हणतो. पाच सेकंदांना युको, दहांना वाझा-आरी आणि वीस सेकंदांना इप्पोन मिळतो. गळ्याचा फास किंवा कोपराचा पेच असह्य झालेला खेळाडू हाताने थोपटून हार मानतो; तोही इप्पोनच. नियमभंग करणाऱ्याकडे पंच तर्जनी रोखतो. अशा तीन ‘शिदों’नंतर खेळाडू बाद होतो.

तथापि हे संकेत म्हणजे क्षणार्धात दिलेले निर्णय असतात, आणि क्षणार्धात डोळा फसू शकतो. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये सर्वांत वजनदार गटाच्या अंतिम लढतीत फ्रान्सच्या दाविद दुये याच्या डावावर जपानच्या शिनिची शिनोहारा याने प्रतिडाव केला व दोघेही कोसळले. कोपऱ्यातील एका पंचाने शिनोहाराला इप्पोन दिला. परंतु इतर दोघांच्या मते युको दुयेचा होता. बहुमत ग्राह्य धरले गेले. सुवर्णपदक दुयेला मिळाले आणि त्या निर्णयावरून मोठा वाद माजला.

पुढे चित्रफितीच्या साहाय्याने निर्णय तपासण्याची पद्धत रूढ झाली. चूक आढळल्यास पंच एका हाताने आधीचाच संकेत पुन्हा करतो आणि दुसरा हात डोक्यावर उंचावून डावीउजवीकडे हलवतो. दिलेला गुण रद्द झाल्याचे जाहीर करणाऱ्या या संकेतालाही पंचाच्या भाषेत इप्पोनच्या संकेताइतकेच मानाचे स्थान आहे.