ओतकामाची विद्या घरबसल्या

बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामाचे कारखाने आहेत, आणि १९९८ पासून विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्य ठाणेही याच नगरीत आहे. दोहोंमधील वाट फार लांबची नाही. परंतु कास्टिंगच्या पोटात पोकळी का पडते, हे जुना कारागीर अनुभवाने जाणतो, विद्यार्थी सूत्राने सांगतो, व दोघांची गाठ क्वचितच पडते.

वस्तुतः कारण सोपे आहे. धातूचा रस थिजताना बहुधा आक्रसतो. जाड भाग सर्वांत शेवटी थिजतो. त्यास वेळेवर जादा रस पोचला नाही, तर तेथे पोकळी राहते. म्हणून रायझर ठेवावयाचा, आणि तो त्या भागाच्याही नंतर थिजला पाहिजे. तो नेमका कोठे ठेवावा, हाच खरा प्रश्न. मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये प्रा. बी. रवी यांच्या पुढाकाराने ‘ई-फाउंड्री’ हे विनामूल्य संकेतस्थळ उभे राहिले, ते याचसाठी. वस्तूची त्रिमिती आकृती दिली, की कोणता भाग शेवटी थिजेल हे संगणकाने रंगांतून दाखवावे, अशी ती योजना. रस ओतण्यापूर्वीच दोष कळणे म्हणजे काय, हे व्यापारी बंधूंस सांगणे नलगे!

सात आय. आय. टी. व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये आरंभिलेला ‘एन्‌पीटीईएल’ हा उपक्रम तर अभियांत्रिकीचे भांडारच होय. व्याख्याने विनामूल्य; शुल्क पडते ते प्रमाणपत्राच्या परीक्षेस.

तथापि निपाणीच्या मराठी शाळेतून आलेला मुलगा या इंग्रजी व्याख्यानांपुढे बावरतो. हुशारी असूनही भाषेपायी मागे पडणारी अशी मुले आपल्या भागात थोडी नाहीत. त्यांच्यासाठी मुंबई आय. आय. टी. चेच ‘स्पोकन ट्युटोरियल’ अधिक उपयोगी, असे आमचे मत आहे. संगणकप्रणाली शिकविणारे सुमारे दहा-दहा मिनिटांचे हे पाठ मराठीत आहेत तसेच कानडीतही. सीमावादाची झळ त्यांना लागलेली नाही. शाळकरी मुलांस अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावरील टाकाऊ वस्तूंची खेळणी व मराठी पुस्तके दाखवावीत. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ मधील प्रयोगही मराठीतून करता येतात.

पडद्यावर पाहून वाळूचा साचा हाताला वळत नाही, हेही खरे. त्यासाठी कारखान्यातच गेले पाहिजे. पेढीवरील संगणक मात्र सायंकाळी हिशेब मिटल्यावर रिकामाच असतो. शेजारच्या चार मुलांस तो तासभर वापरू दिल्यास विजेखेरीज खर्च नाही.