पीआरला कुठं घालायचं?

१९९० च्या आधी जनसंपर्काच्या पदवीसाठी मुंबई-पुण्यात कॉलेज शोधायला कुणी निघालं असतं, तर बिचाऱ्याला हात हलवत परत यावं लागलं असतं. धंदा मात्र जुनाच. टाटांनी चाळीसच्या दशकातच जनसंपर्क विभाग उघडला होता, १९५८ मध्ये पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली होती आणि बँका, सरकारी कंपन्या, महापालिका सगळीकडे जनसंपर्क अधिकाऱ्याची, म्हणजे पीआरओची खुर्ची होती. त्या खुर्चीत बहुधा वर्तमानपत्रातून आलेला उपसंपादक बसायचा, नाहीतर इंग्रजी बरं लिहितो म्हणून दुसऱ्या खात्यातून उचललेला एखादा पदवीधर.

शिकायची हौस असलीच तर नोकरी सांभाळून संध्याकाळी शिकायचं. चौपाटीजवळ भारतीय विद्या भवन होतं, धोबी तलावाला १९६९ पासून झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स. पुण्यात विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग १९६४ चा, रानडे इन्स्टिट्यूटमधला. पण तिथला ओढा बातमीदारीकडे. मुंबईकराचा संस्था निवडण्याचा निकष साधा असे: ऑफिस सुटल्यावर वर्गाला वेळेत पोचता येतं का? आज हसू येईल, पण त्या वर्गांची एक गोष्ट नंतरच्या चकचकीत कॉलेजांना साधली नाही. आज शिकलेली प्रेस नोट विद्यार्थी उद्या खरोखरच्या साहेबापुढे ठेवत असे आणि साहेबाने मारलेल्या लाल रेघांसकट ती परत वर्गात आणत असे.

मग १९९१ उजाडलं. परदेशी कंपन्या आल्या, शेअर बाजाराला भरती आली आणि कंपनीच्या आत बसलेला पीआरओ पुरेना. जेनेसिस आणि परफेक्ट रिलेशन्स या दोन्ही एजन्सी १९९२ च्या. एजन्सीला बावीस-तेवीस वर्षांची, पळणारी, कमी पगारात राबणारी मुलं लागतात. पुण्यात सिंबायोसिसची मास कम्युनिकेशनची संस्था १९९० मध्ये निघाली होती, अहमदाबादला मुद्रा या जाहिरात कंपनीने १९९१ मध्ये मायका ही संस्था काढली. ज्यांना परवडलं ते तिकडे गेले.

मध्यमवर्गीय घरात हा विषय खऱ्या अर्थाने शिरला तो २००० च्या सुमारास, मुंबई विद्यापीठाने बीएमएम, म्हणजे बॅचलर ऑफ मास मीडिया, सुरू केलं तेव्हा. बारावीनंतर तीन वर्षं, विनाअनुदानित, त्यामुळे फी बीएच्या कितीतरी पट. तरी मेरिट लिस्टपुढे गर्दी. झेवियर्स, रुईया, जय हिंद ही नावं आयांना आधीपासून पाठ होतीच. आता त्यांच्यापुढे बीएमएम ही तीन अक्षरं लागली. कॉलेज ठरायचं ते टक्क्यांवर, स्टेशनपासूनच्या अंतरावर आणि फेस्टिव्हलच्या दिमाखावर. अभ्यासक्रमाची पुस्तिका उघडून बघितलेला पालक मला तरी विरळाच भेटला. बघितली असती तर कळलं असतं, की तिसऱ्या वर्षी पोरांपुढे वाटा दोनच होत्या, पत्रकारिता किंवा जाहिरात. जनसंपर्काच्या वाट्याला दुसऱ्या वर्षाचा एक पेपर. ‘मुलगी पीआर करतेय’ असं घरचे अभिमानाने सांगायचे, आणि मुलगी मात्र जाहिरातीचं कॅम्पेन रंगवत बसलेली असायची. पुढे २०१९ मध्ये बीएमएमचं बीएएमएमसी झालं. पाटी बदलली, निवडणाऱ्यांची रीत नाही.

एवढ्या वर्षांत मला कॉलेज जोखायची एक खूण मात्र सापडली आहे. अभ्यासक्रमातलं मोजमापाचं प्रकरण काढायचं. आमच्या काळी महिनाअखेर कात्रणं चिकटवून जाडजूड डॉसियर व्हायचं. बातमी किती कॉलम सेंटिमीटर आली ते पट्टीने मोजायचं, त्याला जाहिरातीच्या दराने गुणायचं आणि क्लायंटला सांगायचं, बघा, एवढ्या लाखांची प्रसिद्धी मिळवून दिली. क्लायंटही खूश. बातमी कंपनीची सालं काढणारी असली, तरी तिचे सेंटिमीटर बेरजेत धरले जायचेच. २०१० मध्ये बार्सिलोनाला जगभरच्या मोजमापवाल्यांनी जमून हा हिशेब निकालात काढला. त्यानंतरही एखादं कॉलेज हेच गणित बिनदिक्कत शिकवत असेल, तर तिथल्या मास्तरांनी धंद्याशी बोलणं सोडून किती वर्षं झाली ते समजतं.

पण माझी खरी तक्रार दुसरी आहे. बीएमएम नंतर मराठी माध्यमातही आलं. चांगली सुरुवात होती, पण पालकांनी त्याकडे दुय्यम म्हणूनच पाहिलं आणि एजन्सींनी कॅम्पसला यायचं ते इंग्रजी वर्गाकडेच. परिणाम जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात रोज दिसतो. बँक राज्यात शाखा उघडते. जळगावच्या उपसंपादकाला हवं असतं, जळगावात कुठं, कोणत्या चौकात, कधीपासून. हातात पडते मुंबईहून आलेली नोट: चार परिच्छेद मुख्याधिकाऱ्यांचं मनोगत, सोबत त्यांचा टाय लावलेला फोटो, आणि जळगाव शेवटच्या ओळीतल्या ‘इत्यादी’मध्ये. ती नोट टोपलीत जाते. लोकमत, सकाळ, पुढारीच्या जिल्हा आवृत्त्या हाच ज्या ग्राहकाचा बाजार, त्याच्यासाठी लिहायला आपली बहुतेक कॉलेजं शिकवत नाहीत. शासनाच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयात हे काम रोज मराठीत चालतं, पण तिथल्या अनुभवी अधिकाऱ्याला कितीजण वर्गावर बोलावतात? आणि त्या नोकरीकडे डोळा असणाऱ्यांनी जाहिरातीतल्या अटीही आधीच वाचाव्यात. तिथे पत्रकारितेची पदवी किंवा पदविका मागतात. खासगी संस्थेच्या गुळगुळीत प्रमाणपत्राला तिथे कुणी विचारत नाही.

आता निवड करायला पुष्कळ आहे. मुंबई विद्यापीठात जनसंपर्काचं एमए आहे, एजन्सीवाल्यांच्याच पुढाकाराने मुंबईत फक्त पीआर शिकवणारी संस्था निघाली आहे, शिवाय लाखांत फी घेणारी खासगी विद्यापीठं. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवी चार वर्षांपर्यंत ताणली आणि प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला क्रेडिट दिलं. हे मला मनापासून आवडलं. त्यामुळे हल्ली कुणी विचारलं, की मी प्लेसमेंटच्या पानाकडे न बघता एवढंच मागायला सांगतो: मागच्या वर्षी मुलं कामाला कुठं कुठं गेली त्याची यादी, आणि त्यांनी तिथे लिहिलेल्या चार मराठी नोटा. यादी सहसा मिळते. नोटांचं विचारलं, की काउंटरवरच्या बाई आत जाऊन कुणाला तरी विचारून येतात.